खात्याची दुसरी किल्ली आपल्याच हाती ठेवा



गेल्या हंगामातील गोष्ट. आमच्या भागातील एक जुने धान उत्पादक माझ्याकडे आले. पुढच्या साली कोणते वाण लावावे हे विचारायला आले असतील, असे मला वाटले. पण गृहस्थ मान खाली घालून बसले. खरेदी केंद्रावर मोजून दिलेल्या धानाचे चुकारे खात्यात जमा झाले होते. दोनच दिवसांनी फोन आला, "तुमची केवायसी अपुरी आहे. आज पुरी केली नाही तर खाते बंद पडेल." घाबरून त्यांनी एटीएम कार्डावरचे आकडे सांगितले. मग मोबाइलवर आलेला ओटीपीही वाचून दाखविला. चुकाऱ्याची बहुतेक रक्कम गेली.

"साहेब, पिन त मी कोणालेच सांगतला नाही जी! फक्त आलेला आकडा वाचून दाखवला," ते म्हणाले.

बांधीत उतरल्याबरोबर तुडतुडा ओळखणारा हा माणूस. पण तो आकडा म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेच नव्हते.

दोन किल्ल्यांचे कुलूप

बँकेतील लॉकर आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याला दोन किल्ल्या लागतात, एक आपली व एक बँकेची. एकटीने तो उघडत नाही. मोबाइलवरील खात्याचेही तसेच आहे. पहिली किल्ली म्हणजे आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट, जसे पासवर्ड किंवा पिन. दुसरी म्हणजे आपल्याजवळ असलेली वस्तू, जसे कार्ड किंवा मोबाइलमधील सिम. अंगठा अथवा चेहरा हा तिसरा प्रकार. यांपैकी दोन वेगळ्या प्रकारच्या किल्ल्या लागल्याशिवाय खाते उघडू न देणे, यालाच टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन म्हणजे दुहेरी पडताळणी म्हणतात.

इंटरनेटवर कार्डाने पैसे देताना कार्डावरील आकड्यांशिवाय आणखी एक खूण मागितलीच पाहिजे, असा दंडक रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून घातला. त्यामुळे नुसते कार्डावरचे आकडे मिळाले तरी चोराचे भागत नाही. त्याला ओटीपी हवा असतो आणि तो तर आपल्या मोबाइलवर येतो. म्हणून तो फोन करतो. ओटीपी मागणारा फोन आला की समजावे, चोर कुलपापाशी अडला आहे. आपण आकडा सांगितला नाही, तर तो तिथेच अडून राहतो.

2016 साली सुरू झालेल्या यूपीआयमध्येही दोन किल्ल्या आहेत. आपल्या सिमशी जोडलेला मोबाइल ही एक आणि यूपीआय पिन ही दुसरी. पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. "पीएम किसानचा हप्ता टाकतो, पिन दाबा" असे कोणी म्हटले, तर तो हप्ता देणारा नसून नेणारा आहे.

आपली किल्ली कोणाच्या घरी?

पुष्कळ घरांत बँकेला दिलेला मोबाइल नंबर पुण्याला गेलेल्या मुलाचा असतो, कधी सेवा केंद्रवाल्याचा, तर कधी बंद पडलेल्या सिमचा. बंद झालेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते. मग आपला ओटीपी त्याच्या हातात पडतो. पीएम किसानचा हप्ता असो की लाडक्या बहिणीचा, ज्या खात्यात पैसे येतात त्याला ज्याचा त्याचा, चालू असलेला नंबरच जोडलेला असावा.

या आठवड्यात करावयाची कामे

1. पासबुक घेऊन बँकेत जावे व खात्याला कोणता नंबर जोडला आहे ते विचारावे. आधारचा नंबरही तपासून घ्यावा.

2. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन असे जाऊन 6 अंकी पिन ठेवावा. जन्मसाल ठेवू नये.

3. गुगल खात्यातही टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करावे. फोन हरवला तर उपयोगी पडावेत म्हणून तेथे 10 बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर उतरवून सातबाऱ्यासोबत पेटीत ठेवावे.

4. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली योजनेच्या नावाची एपीके फाइल उघडू नये. असे बनावट अ‍ॅप आपले मेसेज चोरून वाचू शकते. म्हणजे आपण तोंडाने न सांगताही ओटीपी जातो.

5. कार्डाच्या पाकिटात किंवा मोबाइलच्या कव्हरमध्ये पिनची चिठ्ठी ठेवू नये. दोन्ही किल्ल्या एकाच खुंटीला टांगल्यासारखे होते.

चूक झालीच तर

लाजून घरी बसू नये. लगेच 1930 या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवून खाते व कार्ड थांबवावे. पैसा चोराच्या खात्यातून पुढे सरकण्यापूर्वी कळविले, तर तो अडविता येण्याचा संभव असतो. ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंत झालेले नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे, असे रिझर्व्ह बँकेने 2017 साली ठरवून दिले. म्हणून तास-दोन तासांचा उशीरही महागात पडतो. आमच्या त्या शेतकऱ्यांनी तर घरी सांगायलाच चार दिवस लावले.

परवा मी त्यांच्या गावी गेलो होतो. आता त्यांच्या घरचा नियम झाला आहे. फोनवर पैशाची गोष्ट निघाली की फोन सूनबाईंच्या हाती जातो. सूनबाई एकच प्रश्न विचारतात, "आकडा कशाला पाहिजे?" समोरचा बहुधा तेवढ्यावरच फोन ठेवतो.