घरात आलेला बाजार

बंगळूरच्या बसवनगुडी भागात आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब राहते. मुलगा नोकरीनिमित्त या शहरी आला, त्याच्यामागून सून आली आणि वडील निवर्तल्यावर नाशिकचे बिऱ्हाड आवरून आजीही आल्या. आजींना कानडी येत नाही आणि इंग्रजी येते ती दुकानाची पाटी वाचण्यापुरती. गांधी बाजार घरापासून फार दूर नाही. पण ज्या बाईने चाळीस वर्षे घासाघीस करून घरचा बाजार केला, तिला येथे पावशेर साबुदाणा हवा असला तरी मुलाच्या सुट्टीची वाट पाहावी लागे. या परावलंबनाचे दुःख त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. ते सुनेच्या मात्र ध्यानात आले होते.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. आजींनी नातीचा जुना मोबाइल तोंडाशी धरला आणि सावकाश म्हटले, "भगर, एक किलो." क्षणार्धात पडद्यावर तीन-चार पिशव्यांची चित्रे उमटली. एकीवर वरी तांदूळ असे नाव होते, दुसरीवर समा. नावे निरनिराळी, वस्तू एकच. आणि ही गोष्ट त्या यंत्राला ठाऊक होती. पाऊण तासाच्या आत पिशवी दारात आली. ती हातात घेऊन आजी म्हणाल्या, "अगं, इथं आल्यापासून पहिल्यांदा माझा बाजार मी केला."

त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून आम्हांलाही बरे वाटले. परंतु चहा घेताना सुनेने दुसरी बाजूही सांगितली. "आईंचा बाजार सुरू झाला याचं समाधान आहे. पण आमच्या सगळ्यांचाच बाजार वाढला आहे. महिनाअखेर हिशेब पाहिला, की निम्म्या वस्तू कोणी आणि कशासाठी मागवल्या, हेच आठवत नाही."

एकाच घरातील या दोन अनुभवांत आजच्या एका मोठ्या परिवर्तनाचे सार आले आहे. ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, ते गणित आता आपल्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत आले आहे. ते आपल्याला काय देते आणि आपल्याकडून काय घेते, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

पेठेपासून पडद्यापर्यंत

बंगळूर हे शहर मुळातच पेठांचे. चिकपेठेतील रेशमी साड्या, अव्हेन्यू रोडवरील पुस्तके आणि कृष्णराजेंद्र मार्केटमधील फुले यांची ख्याती आजही कायम आहे. याच शहरात ऑक्टोबर २००७ मध्ये कोरमंगल भागातील एका छोट्या सदनिकेत सचिन बन्सल आणि बिनी बन्सल या दोन तरुणांनी फ्लिपकार्ट नावाचे दुकान काढले. दुकानाला दार नव्हते, फळी नव्हती. संगणकावरून पुस्तके विकावयाची, एवढाच उद्योग. मिंत्रा हा कपड्यांचा व्यवसायही २००७ सालीच येथे सुरू झाला. २०११ मध्ये किराणा विकणारे बिगबास्केट आले आणि २०१५ मध्ये मीशो.

आरंभी लोकांचा विश्वास बसेना. न पाहिलेल्या दुकानदाराला पैसे आधी कसे द्यावेत? तेव्हा २०१० साली फ्लिपकार्टने माल हाती पडल्यावर रोख पैसे देण्याची सोय केली आणि गाडे पुढे सरकले. पुढे २०१८ साली वॉलमार्ट या अमेरिकन कंपनीने सुमारे १,६०० कोटी डॉलर देऊन फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा विकत घेतला. दाराशिवाय सुरू झालेल्या दुकानाची ही किंमत केवळ त्यातील मालाची नव्हती. कोट्यवधी ग्राहक काय पाहतात, काय घेतात आणि काय परत करतात, याची जी माहिती त्या दुकानाजवळ साठली होती, तिचेही मोल त्यात होते.

वाण्याची स्मृती आणि यंत्राची स्मृती

आपल्या गावच्या वाण्यालाही स्मरणशक्ती होतीच. कोणत्या घरी कोणता तांदूळ लागतो, कोणाकडे पाहुणे आले आहेत, कोणाची उधारी थकली आहे, हे त्याला तोंडपाठ असे. यंत्र हेच करते. फक्त ते एका गल्लीचे नव्हे, तर साऱ्या देशाचे स्मरण ठेवते.

याची रीत समजावयास कठीण नाही. ज्यांनी अमुक वस्तू घेतली, त्यांपैकी पुष्कळांनी तमुक वस्तूही घेतली, असे आढळले की यंत्र त्या दोन वस्तूंची गाठ मारते. मग पहिली वस्तू घेणाऱ्या प्रत्येकापुढे ते दुसरी मांडते. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी ही पद्धत २००३ साली एका निबंधातून जगापुढे ठेवली. आज तिच्यात अनेक धागे मिसळले आहेत. आपण कोणत्या चित्रावर किती वेळ थांबलो, कोणती वस्तू टोपलीत टाकून पुन्हा काढली, रात्री काय शोधले, या साऱ्यांची नोंद होते.

ही दृष्टी किती दूरवर पोहोचली आहे, याचे एक उदाहरण बंगळूरमधीलच आहे. घेतलेले कपडे परत पाठवणाऱ्या ग्राहकांमुळे कंपन्यांना मोठा भुर्दंड पडतो. मिंत्राच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात, ग्राहकाने मागणी नोंदवण्यापूर्वीच तो ही वस्तू परत करील काय, याचा अंदाज बांधण्याची रीत सांगितली आहे. त्यासाठी ग्राहकाची आवड आणि त्याच्या अंगाचे माप यांचे अनुमान त्याच्या पूर्वीच्या खरेदीवरून करतात. आपण पैसे देण्याआधीच आपले मन पालटेल काय, याचा विचार यंत्राने केलेला असतो!

भाषेचे दार उघडले

या विद्येचा सर्वांत मोठा उपकार झाला तो आपल्या भाषांवर, असे एक अनुवादक म्हणून आम्हांला वाटते. इंग्रजी न जाणणारा माणूस कालपरवापर्यंत या बाजाराच्या बाहेर उभा होता. फ्लिपकार्टने सप्टेंबर २०१९ मध्ये हिंदी आणि जून २०२० मध्ये तमिळ, तेलुगू व कन्नड या भाषांतून दुकान उघडले. पुढे मराठीचीही भर पडली. त्या तीन दक्षिणी भाषांसाठी ५४ लाखांहून अधिक शब्दांचे भाषांतर वा लिप्यंतर करावे लागले. प्रत्येक शब्दाचे भाषांतर करून भागत नाही, हा धडा त्यांनाही मिळाला. फ्रिजला शीतकपाट म्हटले तर गिऱ्हाईक बुचकळ्यात पडेल आणि डाळीला इंग्रजी नाव दिले तर गृहिणी पुढे जाईल. कोठे शब्द बदलावा आणि कोठे तो तसाच राहू द्यावा, या प्रश्नाशी आमच्यासारखे लोक टेबलाशी बसून रोज झगडतात. आता तोच प्रश्न यंत्रापुढेही आहे.

बोललेले शब्द ओळखण्याची विद्या त्याहून अवघड. एकच शब्द नाशिकची आजी एका तऱ्हेने उच्चारील, बेळगावची दुसऱ्या तऱ्हेने. हजारो लोकांचे बोलणे ऐकून यंत्र हे भेद शिकते. आजींची भगर त्यांच्या दारी आली, ती या शिक्षणामुळे.

यादी हरवली

मग सुनेच्या तक्रारीचे काय? तिचे मूळ एका जुन्या सवयीच्या लोपात आहे. पूर्वी महिन्याच्या आरंभी घरात यादी होई. डब्यांत काय उरले आहे ते पाहून गृहिणी सांगे आणि मुलांपैकी कोणीतरी लिही. त्या कागदावर घराची गरज, घराची ऐपत आणि घराचा विचार या तिन्ही गोष्टी उतरत. आज यादी आपण करीत नाही. ती आपल्यासाठी तयार होऊन येते. आपण दुकानात जात नाही म्हणून वेळ वाचतो, हे खरे. पण दुकानातून बाहेरही पडत नाही. दुकान खिशातच असते.

वाणीही गोड बोलून चार वस्तू गळ्यात मारी. परंतु त्याची चलाखी आपल्याला दिसे, कारण आपणही त्याला ओळखत होतो. यंत्र मात्र आपल्याला ओळखते आणि आपण त्याला ओळखत नाही.

"फक्त दोनच नग शिल्लक" अशी खोटी घाई करणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, नकार देणाऱ्याला ओशाळवाणे वाटेल असे शब्द योजणे, शेवटच्या पायरीवर नवे शुल्क जोडणे, अशा क्लृप्त्या जगभर आढळतात. भारत सरकारच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांना मज्जाव करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली.

नव्या तराजूवरील शिक्का

येथे एक जुनी गोष्ट आठवते. १ ऑक्टोबर १९५८ पासून आपल्या देशात किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने आली. शेर आणि छटाक यांच्या हिशेबात वाढलेल्या पिढीला ती प्रथम परकी वाटली. परंतु वजनावर सरकारी शिक्का असे आणि शिक्का पाहून माल घ्यावा, ही शिकवण घरोघर पोहोचली. आपल्यासमोर कोणती वस्तू आधी आणि कोणती मागून मांडावी हे ठरवणारे गणित हाही एक तराजूच आहे. तो दिसत नाही, एवढाच फरक. म्हणून त्यालाही शिक्का हवा.

त्या दिशेने काही पावले पडली आहेत. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार, वस्तूंचा अथवा विक्रेत्यांचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला जातो, हे बाजारपीठाने साध्या भाषेत सांगितले पाहिजे. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून गृहीत धरता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निवारण एका महिन्यात करणे तक्रार अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. २०२२ साली भारतीय मानक ब्यूरोने ग्राहकांच्या अभिप्रायांसाठीही मानक ठरवून दिले. खोट्या स्तुतीला आळा बसावा हा त्याचा हेतू. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

लहान दुकानदाराचाही विचार झाला आहे. कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नसलेले ओएनडीसी हे खुले जाळे लोकांसाठी प्रथम खुले झाले ते बंगळूरमध्येच, ३० सप्टेंबर २०२२ रोजी, १६ पिनकोड विभागांत. माल पोहोचवणारा तरुण कोणत्या दारी जाईल आणि त्याला किती मोबदला मिळेल, हेही पुष्कळदा यंत्रच ठरवते. कर्नाटकाने २०२५ साली अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षिततेचा कायदा केला आणि त्यांच्यावर परिणाम करणारे यंत्राचे निर्णय त्यांना समजले पाहिजेत, हे तत्त्व त्यात मान्य केले. पाऊण तासात भगर मागवणाऱ्या प्रत्येक घराने त्या तरुणाची आठवण ठेवावी.

निवड कोणाची?

पुढचे पाऊल याहूनही मोठे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये बंगळूरच्या रेझरपे या कंपनीने राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ आणि ओपनएआय यांच्यासह एक प्रयोग जाहीर केला. चॅटजीपीटीशी संभाषण करता करता वस्तू निवडावी आणि यूपीआयने पैसेही तेथेच चुकते व्हावेत, अशी त्याची योजना. बिगबास्केट त्यात सहभागी झाले. म्हणजे शोधणे, तुलना करणे, निवडणे आणि पैसे देणे ही चारही कामे उद्या यंत्राकडे जाऊ शकतात. अंध व्यक्तीला, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हा मोठाच आधार होईल. मात्र गरज कोणती आणि हौस कोणती, हे ठरवण्याचे पाचवे काम कोणत्याही घराने दुसऱ्यावर सोपवू नये.

त्यासाठी फार मोठे ज्ञान लागत नाही. आधी यादी करावी, मग मोबाइल उघडावा. यादीत नसलेली वस्तू टोपलीत टाकून एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी ती हवीशी वाटली तरच घ्यावी. पैसे देण्यापूर्वी एकूण रकमेतील प्रत्येक शुल्क वाचावे. एखादी वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात काय भावाने मिळते, हे अधूनमधून विचारावे. मुलांच्या हाती खरेदीची किल्ली देऊ नये. फसवणूक झाल्यास गप्प न बसता १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

बसवनगुडीच्या त्या घरात आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद टांगलेला असतो. ज्याला जे हवे ते त्याने त्यावर लिहावयाचे. दर शनिवारी आजी तो कागद घेऊन बसतात, चष्मा लावतात आणि नातीला डबे उघडून दाखवावयास सांगतात. डब्यात असलेल्या वस्तूवर त्या काट मारतात, कधी नातीच्या चॉकलेटवरही मारतात आणि तिचा रुसवा पाहून पुन्हा तेच नाव खाली लिहितात. मग मोबाइल तोंडाशी धरून त्या एकेक नाव सावकाश उच्चारतात. पडद्यावर आणखी दहा वस्तू हात जोडून उभ्या राहतात. आजी कागदाकडे पाहतात, पडद्याकडे पाहतात आणि म्हणतात, "एवढंच. बाकी काही नको."