राज्याबाहेरची फी: कोण भरतं, कधी भरतं आणि कशाची भरतं

पालघर जिल्ह्यातल्या सूर्यमाळ, खोडाळा, मोखाडा या पट्ट्यात बारावीनंतर राज्याबाहेर शिकायचा विषय निघाला की घरोघरी एकच उत्तर ऐकू येतं: "बाहेरच्या राज्यात फी डबल लागते, आणि आपली शिष्यवृत्ती महाराष्ट्रापुरती." या वाक्यातले दोन्ही भाग चुकीचे आहेत, आणि त्यांच्यापायी चांगल्या मार्कांची मुलं अर्जच भरत नाहीत. ते थांबावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी फीचं बघू. आयआयटी, एनआयटी आणि केंद्रीय विद्यापीठं ही केंद्राची आहेत. तिथं महाराष्ट्राच्या मुलाला एक फी आणि गुजरातच्या मुलाला दुसरी, असा प्रकार नाही. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांसाठी आणि उरलेल्या बाहेरच्यांसाठी असतात, पण हा भेद जागांचा आहे, फीचा नाही. आणि 'आपलं राज्य' कोणतं हे तिथं बारावी कुठल्या राज्यातून झाली यावरून ठरतं. म्हणजे मोखाड्याचा मुलगा बारावीला सिल्व्हासात शिकला, तर नागपूरच्या एनआयटीत, म्हणजे व्हीएनआयटीत, तो बाहेरचा धरला जाईल. अकरावीला नाव घालतानाच हे लक्षात ठेवायला हवं.

2016 मध्ये आयआयटीची ट्यूशन फी वर्षाला 90 हजारांवरून 2 लाख झाली. ही बातमी सगळीकडे पोचली. त्याच वेळी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती फी पूर्ण माफ झाली, हे मात्र फार थोड्यांना कळलं. एनआयटीतही अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला ट्यूशन फी माफ आहे. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी घरांतल्या मुलांनी 2 लाखांचा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही.

पण इथंच दुसरा गैरसमज उभा राहतो: "माफी आहे म्हणजे सगळं फुकट." माफी ट्यूशन फीची असते. वसतिगृह, मेस, अनामत आणि प्रवासाचा खर्च उरतोच, आणि काही रक्कम तर जागा मिळाल्याच्या दिवशीच लागते. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. जागा पक्की करायला 17,500 रुपये हवे होते. ते मुदतीत भरता आले नाहीत, आणि जागा गेली. शेवटी 30 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं आपला विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. पुढच्या प्रत्येक मुलासाठी न्यायालय धावून येणार नाही. त्यामुळे ही रक्कम निकालाच्या आधी हाताशी असायला हवी.

आता शिष्यवृत्तीकडे येतो. इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे, कारण आपण आरक्षण आणि शिष्यवृत्ती एकत्र करून बोलतो. या दोन गोष्टींचे नियम वेगळे आहेत.

जमातीची यादी राज्यागणिक असते. वारली आणि कोकणा गुजरातच्या यादीतही आहेत, म्हणून अनेकांना वाटतं की महाराष्ट्राचा दाखला तिकडच्या सरकारी कॉलेजात चालेल. त्या राज्याच्या कोट्यासाठी तो चालत नाही. 1990 मध्ये मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठरवलं. आंध्रात अनुसूचित जमातीत मोडणाऱ्या, पण लहानपणापासून मुंबईत वाढलेल्या मुलाला महाराष्ट्रात त्या कोट्यातली जागा मिळाली नाही. केंद्राच्या संस्थांत मात्र आपला दाखला देशभर चालतो, फक्त तो केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो.

शिष्यवृत्तीचं राज्याच्या कोट्याच्या नेमकं उलट आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा, ते राज्य देतं. तो शिकतो कुठं यानं फरक पडत नाही. अनुसूचित जमातीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे सुरतेत शिकणाऱ्या मोखाड्याच्या मुलीची शिष्यवृत्ती महाराष्ट्रानंच द्यायची असते. तिनं गुजरातच्या कार्यालयात हेलपाटे घालण्यात अर्थ नाही, तिला जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातच विचारावं लागेल.

या शिष्यवृत्तीचे पैसे पुरतात का? फीचे पुरतात, जगण्याचे नाही. 2010 मध्ये ठरलेल्या दरांत वसतिगृहात राहणाऱ्याला अभ्यासक्रमांच्या सगळ्यात वरच्या गटात महिन्याला 1,200 रुपये आणि सगळ्यात खालच्या गटात 380 रुपये होते. एवढ्यात दोन वेळचं जेवण भागत नाही, हे सरकारनं मान्य करायला हवं. शिवाय पैसे उशिरा येतात. कॉलेजनं प्रवेशावेळी फी मागायची की थांबायचं, यावर गरीब मुलाचं वर्ष ठरतं. 2018 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी इथल्या विद्यार्थ्यांनी संप केला, तो प्रवेशावेळी फी न भरण्याच्या सवलतीसाठी. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजला एक प्रश्न विचारून ठेवा: शिष्यवृत्ती येईपर्यंत थांबणार का?

नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला तर केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्न मर्यादा 6 लाख आहे, संस्था मंत्रालयाच्या यादीत असावी लागते आणि अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. फीबरोबर पुस्तकं, राहणं आणि संगणकासाठीही ती पैसे देते. दोन शिष्यवृत्त्या एकदम घेता येत नाहीत, तेव्हा हिला पात्र असाल तर हीच घ्या. वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या राज्याच्या स्वयं योजनेचे दर महाराष्ट्रातल्या शहरांप्रमाणे आखलेले आहेत, त्यामुळे बाहेर जाताना ते पैसे हिशेबात धरू नका. आणि कुणी एजंट दूरच्या खासगी कॉलेजात "सगळं माफ" म्हणून व्यवस्थापन कोट्यातली जागा देऊ लागला, तर सही करण्याआधी प्रकल्प कार्यालयात चौकशी करा.

आपल्याकडची खरी अडचण कागदांची आहे. दिवाळीनंतर घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, आणि प्रवेश परीक्षांचे अर्ज नेमके त्याच महिन्यांत सुटतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडील गावात नसतात. शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: अकरावीतच प्रत्येक मुलाचा जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढून घ्या, जात-वैधतेचा अर्ज भरून घ्या, आधार जोडलेलं बँक खातं तपासा, आणि घरचे कामावर निघायच्या आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला मिळवून द्या.