संमतीपत्र वाचणारी माणसं हवीत

गर्भपिशवीच्या ऑपरेशनची फाइल माझ्याकडे आली की मी सगळ्यात आधी संमतीपत्र शोधते. बिल आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट नंतर. सही बाईची आहे की नवऱ्याची? अंगठा असेल तर शेजारी साक्षीदार कोण, दवाखान्यातलाच माणूस की बाहेरचा? ऑपरेशनचं नाव नीट लिहिलंय की जागा कोरीच आहे? ‘मला समजेल अशा भाषेत सर्व समजावून सांगितले आहे’ ही ओळ छापील असते. ते कोणी समजावलं, कधी, किती वेळ, हे कागदावर बहुतेक वेळा नसतंच. मी केज आणि अंबाजोगाईच्या कोर्टात वकिली करते. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. फाइलमधल्या बाईचं वय एकतीस-बत्तीस दिसलं की पुढचा हिशेब मला कोणी सांगावा लागत नाही.

तो हिशेब इथे मांडते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम दसरा-दिवाळीआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि मग सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. खाडा पडला की दंड. फडावर राहायच्या कोपीला ना न्हाणी ना संडास. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकची फळी चढावीच लागते. लग्न लवकर, बाळंतपणं लवकर, नसबंदीही लवकर. मग अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं सुरू होतं. औषधांनी बरी होऊ शकणारी तक्रार घेऊन बाई दवाखान्यात जाते आणि तिच्या कानावर ‘कॅन्सर’ हा शब्द पडतो. माझ्यासमोर बसलेल्या एकीने सांगितलं होतं, “ताई, गाठ व्हायच्या आत काढलेली बरी म्हनले. सीझनच्या आधी उरकून टाकू म्हनून आम्ही हो म्हनलो.”

2019 मध्ये हा विषय देशभर गाजला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. देशातलं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शंभरात साधारण तीन आहे. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला असं ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं.

त्या बाईचा ‘हो’ ही संमती होती का? हाच प्रश्न धरून मी वाचत गेले आणि वकिली करता करता बायोएथिक्स, म्हणजे वैद्यकातलं नीतिशास्त्र, आणि आरोग्य कायदा या विषयांकडे वळले. आपल्याकडे मुलांना ही नावंसुद्धा माहीत नसतात. लातूरची नीटची शिकवणी, मार्क कमी पडले की बीएएमएस, बीएचएमएस, नाहीतर नर्सिंग, फार्मसी. आरोग्याशी नातं जोडायच्या वाटा तिथेच संपतात असं घरोघरी मानलं जातं. मला त्याच घरांना काही सांगायचं आहे.

आधी कायद्याचं बोलू. सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याचा निकाल दिला. दिल्लीतल्या एका बाईने दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व अंडाशयं काढून टाकली. न्यायालयाने सांगितलं, तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. रुग्ण सज्ञान असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची सही चालत नाही. आजार काय, उपचार काय, त्यात धोका काय, दुसरा पर्याय कोणता, उपचार नाकारला तर काय होईल, एवढं सांगितल्याशिवाय संमती खरी ठरत नाही, असं हा निकाल सांगतो. आपल्याकडे आजही ‘मालकाची सही आणा’ म्हणतात. गर्भाशय काढायला नवऱ्याची सही लागते असं कोणताही कायदा म्हणत नाही. पुढे 5 एप्रिल 2023 रोजी, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं न्यायालयाने राज्यांना बजावलं.

पण उचलीचं काय? करार कायदा 1872 चा. संमती मुक्त हवी, जबरदस्ती, गैरप्रभाव, फसवणूक नको, असं त्याचं कलम 14 म्हणतं. आमच्या बाईवर डॉक्टरने जबरदस्ती केलेली नसते. कर्ज मुकादमाचं, भीती कॅन्सरची, घाई सीझनची. कायद्याच्या चौकटीत नेमका दोषी सापडत नाही आणि तरीही काहीतरी चुकलेलं असतं. जिथे कायदा थबकतो तिथून बायोएथिक्सचं काम सुरू होतं. कर्जाच्या ओझ्याखाली दिलेली संमती कितपत स्वतःची? डॉक्टरांनी फक्त खरं सांगायचं, की समोरच्या माणसाची परिस्थिती पाहून थांबवायचंही? शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम मला आवश्यक वाटतो. पण हेही दिसतं, की रक्तस्रावाने खरोखर बेजार झालेल्या बाईला आता आणखी एका साहेबाच्या सहीसाठी थांबावं लागतं आणि तिच्या शरीराचा निर्णय पुन्हा तिच्याबाहेरच होतो. माझं मत असं, की परवानगीच्या फाइलसोबत दवाखान्याशी संबंध नसलेल्या एका समुपदेशक बाईने तिच्याशी एकटीशी बोलल्याची नोंद असावी. असे नियम लिहायला, त्यावर वाद घालायला शिकलेली माणसं लागतात. ती बीडमधून यावीत ही माझी तळमळ आहे.

नियम राबवायला जाणकार माणसं लागतात, हा धडा बीडला आधीही मिळाला होता. 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली फक्त 807 होत्या, राज्यात सर्वांत कमी. 2012 च्या मे महिन्यात परळीत एका बाईचा गर्भपातादरम्यान मृत्यू झाला आणि डॉ. सुदाम मुंडे यांचं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण उघड झालं. 2019 मध्ये न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्या मृत्यूच्या दोन वर्षं आधीच, 2010 मध्ये, साताऱ्याच्या अॅड. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने गर्भलिंग निदान पकडायला परळीत सापळा रचला होता. गर्भलिंग निदानाचा कायदा 1994 चा. तो कागदावरच राहतोय म्हणून 2000 साली सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत मुंबईची ‘सेहत’ आणि पुण्याजवळची ‘मासूम’ या महाराष्ट्रातल्या दोन संस्था होत्या, सोबत डॉ. साबू जॉर्ज. या कायद्याची सगळी भिस्त प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या नोंदीवर, फॉर्म एफवर. तो कोणी तपासायचा, त्यातली चूक साधी की लपवाछपवीची, हे ठरवायला वैद्यक आणि कायदा दोन्ही कळणारं माणूस लागतं. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत या कायद्यासाठी विधी समुपदेशकाचं पद असतं. ते कंत्राटी आहे, पगार बेताचा आहे, पण एलएल.बी. झालेल्या मुलीला या क्षेत्रात शिरायचं तर हे चांगलं दार आहे.

दुसरं दार एथिक्स कमिटीचं. माणसांवर औषधाची चाचणी किंवा आरोग्याचं संशोधन करायचं तर आधी या समितीची मंजुरी लागते. नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम 2019 नुसार तिच्यात किमान सात सदस्य हवेत. त्यात एक कायद्याचा जाणकार, एक सर्वसामान्य नागरिक, एक स्त्री, एक समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्राकडून आलेली व्यक्ती असावीच लागते, आणि किमान निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे. म्हणजे डॉक्टर नसलेल्यांना कायद्यानेच तिथे खुर्ची दिली आहे. ती आपल्या भागातल्या माणसांनी भरली नाही तर कुणीतरी नावापुरतं बसतं.

मी अशा एका समितीत कायद्याची सदस्य आहे. एकदा एक प्रस्ताव आला, ग्रामीण बायकांच्या रक्तक्षयावरचा. ऑगस्टमध्ये नोंदणी, जानेवारीत दुसरी तपासणी. कागद नीट होते, डॉक्टरांचे हेतू चांगले होते. मी विचारलं, जानेवारीत या बायका कुठे असतील? खोलीत क्षणभर कोणालाच कळेना. जानेवारीत निम्मी वस्ती सांगली-कोल्हापूरच्या, कर्नाटकातल्या फडावर असते. मागे उरतात त्या घरात थोडंबहुत असणाऱ्या. संशोधनाचा निष्कर्ष त्यांचाच निघणार आणि नाव ‘ग्रामीण महिला’ असं लागणार. शिवाय औषध सुरू असलेल्या बाईला फडावर त्रास झाला तर तिने कोणाला फोन करायचा? प्रस्ताव बदलला, तपासणी सीझन उलटल्यावर ठेवली, फडाजवळच्या सरकारी दवाखान्यांची नावं पत्रकात आली. हा प्रश्न विचारायला पदवी लागत नव्हती, कोपीत काढलेलं लहानपण लागत होतं. तो समितीत नेमका मांडता यावा, त्याला नियमाचा आधार देता यावा, यासाठी मात्र शिकावं लागलं.

मुलांच्या बाबतीत तर असे प्रश्न विचारणारं माणूस फारच गरजेचं. दिवाळीनंतर आपल्याकडची किती मुलं हंगामी वसतिगृहात राहतात! 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डननी सह्या केल्याचं समोर आलं. 2013 च्या संसदीय समितीच्या अहवालात त्यावर कडक ताशेरे आहेत. उद्या बीडच्या वसतिगृहात असं काही आलं, तर सहीचा कागद परत पाठवायला कोणी उभं राहील का?

आता शिकायचं कुठे. मी वकिली चालू ठेवून शिकले, त्यामुळे दूरशिक्षणापासून सुरुवात करते. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा वैद्यकीय कायदा आणि नीतिशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा घरी राहून करता येतो; वकील, डॉक्टर, परिचारिका सगळेच तो करतात. मंगळुरूच्या येनेपोया विद्यापीठात सेंटर फॉर एथिक्स आहे. तिथे बायोएथिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा 2011 पासून चालतो. पुण्यात सिम्बायोसिसकडे मेडिको-लीगलचा डिप्लोमा आहे. कायद्याची पदवी घ्यायचीच असेल तर छत्रपती संभाजीनगरला 2017 पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. समाजशास्त्राकडून यायचं तर तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं ग्रामीण केंद्र आहे, धारूर-केजच्या पोरांना मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात करता येते. फी आणि पात्रता दरवर्षी बदलते. संस्थेच्या माहितीपत्रकातच पाहा, एजंटच्या तोंडावर विसंबू नका.

पैसे भरायच्या आधी फुकटात मिळणारं वाचा. आयसीएमआरची 2017 ची राष्ट्रीय नीतितत्त्वं कोणालाही डाउनलोड करता येतात. त्यातलं दुर्बल गटांवरचं प्रकरण आधी काढा, तिथे आपलीच माणसं भेटतील. मुंबईतून 1993 पासून निघणारं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स मोकळं वाचायला मिळतं. ते चालवणाऱ्या फोरम फॉर मेडिकल एथिक्स सोसायटीच्या पुढाकाराने 2005 मध्ये मुंबईत पहिली राष्ट्रीय बायोएथिक्स परिषद झाली. तेव्हापासून तिथे विद्यार्थीही निबंध वाचतात. इंग्रजीची धास्ती वाटेल. मलाही पहिली पानं शब्दकोश उघडा ठेवूनच वाचावी लागली, आणि ती वाचून होतात.

पोटाचं विचाराल तर खरं सांगते. फक्त ‘बायोएथिसिस्ट’ म्हणून जाहिराती क्वचितच निघतात. पण पुण्या-मुंबईच्या संशोधन केंद्रांत क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर लागतात, एथिक्स कमिटीच्या कार्यालयात सचिवालय सांभाळणारे लागतात, मोठ्या रुग्णालयांना मेडिको-लीगल विभाग असतो, आरोग्य विम्यात दाव्यांची छाननी असते. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचं स्वतंत्र मॉड्यूल आलं आहे. ते शिकवायला डॉक्टरांसोबत इतरांचीही मदत होऊ शकते. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आपल्या दारातच आहे. आणि वकिलांसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. रुग्णाने मागितल्यावर केसपेपर 72 तासांत द्यावे लागतात आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हे बहुतेक बायकांना माहीत नसतं. त्यातले दोन सीझन तर फडावरच जातात.

वडवणीच्या एका जीएनएम झालेल्या मुलीने मला परवा विचारलं, तिला हे जमेल का. ती रोज ऑपरेशनआधी संमतीपत्रावर सह्या घेते. मी तिला सांगितलं, आधी तुमच्या दवाखान्यातला कोरा नमुना घे आणि समीरा कोहली निकालातल्या यादीशी एकेक मुद्दा ताडून बघ, काय काय गळलंय ते लिही. रविवारी ते घेऊन ये, आपण मेट्रनबाईंना द्यायचं पत्र तयार करू आणि डिप्लोमाचा अर्जही भरू.