वूलवर्थच्या फळीवरील भविष्यकाळ

ब्रिटनमध्ये १९४२ साली सरकारी हुकूम निघाला, की देशातल्या गिऱ्हाइकांस विकावयाची नवी चिनीमातीची भांडी नक्षीवाचूनच असावीत. रंगीत माल परदेशी रवाना व्हावा आणि परकीय चलन खजिन्यात यावे. युद्ध संपले तरी ही मनाई १९५२ पर्यंत कायम राहिली. दशकभर ज्या गृहिणीस नवी बशी घ्यावयाची तर ती कोरी पांढरीच मिळत होती, तिची दृष्टी रंगासाठी आणि रेषेसाठी किती आसुसली असेल, हे ध्यानी घेतल्यावाचून स्टोक-ऑन-ट्रेंटच्या भट्ट्यांतून पुढे जी विलक्षण भांडी बाहेर पडली, आणि ज्यांच्यासाठी आजचे शौकीन जुन्या बाजारांत तासन्‌तास रेंगाळतात, त्यांचा नीट अर्थ लागत नाही.

विज्ञानाचे वारे तेव्हा घरात शिरले होते. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी हेलन मेगॉ या स्फटिकशास्त्रज्ञ विदुषीच्या मार्गदर्शनाखाली इन्सुलिन, हिमोग्लोबिन आदी द्रव्यांच्या अणुरचनेच्या आकृत्या कापडांवर, भिंतीच्या कागदांवर आणि भांड्यांवर नक्षी म्हणून उतरल्या. (हिमोग्लोबिनच्या सान्निध्यात कुणाची भूक वाढली असेल, असे मला वाटत नाही.) रॉय मिडविंटर हा कारखानदार उत्तर अमेरिका हिंडून आला आणि १९५३ साली त्याने ‘स्टाइलक्राफ्ट’ ही गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनी बशांची घडण बाजारात आणली, तिच्यामागून आलेल्या ‘फॅशन’ घडणीवर जेसी टेट हिने १९५६ च्या सुमारास झेब्र्याच्या पट्ट्यांचे ‘झांबेझी’ चितारले.

तरीही संग्राहकाने आरंभ करावा तो ‘होममेकर’पासून, असे मी म्हणेन. एनिड सीनी हिने रिजवे कारखान्यासाठी रेखाटलेली ही नक्षी १९५७ पासून वूलवर्थच्या स्वस्त दुकानांतून विकली गेली. पांढऱ्या पृष्ठभागावर काळ्या छपाईत बूमरँगच्या आकाराचे मेज, रॉबिन डे याच्या घडणीची आरामखुर्ची, काटकुळ्या पायांवर उभी असलेली झाडाची कुंडी अशा वस्तू विखुरलेल्या, आणि त्यांच्यामधली जागा बारीक रेघांनी भरून काढलेली! ज्या कुटुंबास ती खुर्ची घेणे परवडत नव्हते, त्याने खुर्चीचे चित्र घेतले आणि त्यावर रोजचे जेवण वाढले. संग्रहालयांतल्या मौल्यवान कलशांपेक्षा त्या पिढीच्या आकांक्षांचा अस्सल दस्तऐवज मला या बशीतच दिसतो.

१९७० पर्यंत निघत राहिल्यामुळे साध्या बशा आजही विपुल सापडतात. किटल्या मात्र दुर्मिळ, आणि त्यांचे मोल बशीच्या कित्येक पट. किटलीची तोटी नि झाकण हे दोन्ही अवयव अल्पायुषी असल्याने खरेदीपूर्वी तिथेच प्रथम बोट फिरवावे, कारण उडालेला टवका रंग लावून बेमालूम बुजविलेला असतो. बशी उजेडाकडे तिरपी धरली म्हणजे सुरीचे ओरखडे आणि झिलईत पसरलेल्या केसाएवढ्या भेगा दिसू लागतात. थोडे ओरखडे मी दोष मानीत नाही. झिलई उतरून छपाईच पुसट झाली असेल, तर मात्र दुकानदार कितीही गोड बोलला तरी ती बशी जागच्या जागी ठेवावी.