चढावरचा स्वसंवाद

शारीरिक श्रम चालू असताना माणूस मनातल्या मनात किंवा पुटपुटत स्वतःशी जे बोलतो, त्याला क्रीडामानसशास्त्रात स्वसंवाद म्हणतात; आणि हा स्वसंवाद जेव्हा स्वतःच्या क्षमतेविरुद्ध निकाल देऊ लागतो, तेव्हा त्याला नकारात्मक स्वसंवाद असे संबोधले जाते. त्याचे स्वरूप पाहण्यासाठी पुण्याजवळच्या सिंहगडाची आतकरवाडीकडून वर जाणारी पायवाट हे उत्तम ठिकाण आहे. तेथे रविवारी पहाटेपासून नियमित चढणारे आणि प्रथमच आलेले लोक एकाच वाटेवर भेटतात, सुमारे 600 मीटरची उंची दोघांनाही सारखीच चढावी लागते, आणि दम लागला की मनातले बोलणे बऱ्याचदा तोंडावाटे बाहेर पडते.

नवख्या माणसाची पहिली कुरकुर गडाचा माथा जवळ आल्यावर नव्हे, तर पायथ्यापासून थोडे वर गेल्यावरच ऐकू येते. श्रम सुरू होताच स्नायूंची प्राणवायूची गरज एकदम वाढते, परंतु हृदय आणि फुप्फुसे त्या मागणीशी जुळवून घेईपर्यंत काही मिनिटे जातात. त्यातच सुरुवातीच्या उत्साहात वेग जास्त ठेवलेला असल्याने धाप लागते, पोटऱ्या भरून येतात आणि ‘आपल्याला नाही जमणार’ हे वाक्य उमटते. या वाक्यात दोन चुका एकत्र आलेल्या असतात. थोड्या वेळाने बदलणारी अवस्था कायमची मानली जाते, आणि चुकीच्या वेगाचा परिणाम हा स्वतःच्या शरीराचा किंवा स्वभावाचा दोष ठरवला जातो. नियमित चढणाऱ्यालाही त्याच वळणावर धाप लागते. मात्र तो तिला ओळखत असतो आणि वेग कमी करून पुढे जातो.

आपण किती कष्ट घेत आहोत याविषयी माणसाला आतून जे वाटते, ती श्रमजाणीव होय. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ती मोजण्यासाठी 6 ते 20 अशी मोजपट्टी तयार केली, जिच्यात 6 म्हणजे मुळीच श्रम नाहीत आणि 20 म्हणजे श्रमांची परिसीमा. श्रम थांबवण्याचा निर्णय स्नायूंच्या अवस्थेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, या जाणिवेवर अवलंबून असतो, असे व्यायामविज्ञानाचे संशोधक सॅम्युएले मार्कोरा यांचे प्रतिपादन आहे. अँथनी ब्लँचफिल्ड, मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 24 व्यक्तींना पूर्ण थकवा येईपर्यंत स्थिर सायकल चालवायला लावले होते. त्यांपैकी एका गटाला प्रेरक वाक्ये निवडून ती वापरण्याचा दोन आठवडे सराव देण्यात आला, तेव्हा त्या गटाचा टिकून राहण्याचा वेळ सुमारे 18 टक्क्यांनी वाढला आणि श्रमजाणीव घटली. दुसऱ्या गटात अशी सुधारणा दिसली नाही. येथे सराव हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ही वाक्ये ऐन चढावर शोधू गेल्यास सापडत नाहीत. ती सपाट रस्त्यावर चालताना, श्वास शांत असतानाच तयार करून ठेवावी लागतात.

कोणते वाक्य उपयोगी पडते, याचे उत्तर घोषणाबाजीच्या विरुद्ध दिशेला आहे. ‘आपण काहीही करू शकतो’ असे म्हणणाऱ्याला त्याचे धडधडणारे हृदय लगेच खोटे पाडते, तर ‘पाऊल लहान टाक’, ‘श्वास पूर्ण सोड’, ‘त्या झाडापर्यंत चल, मग बघू’ ही वाक्ये खोटी पडूच शकत नाहीत, कारण त्यांत दावा नसून सूचना असते. कृती सांगणाऱ्या अशा वाक्यांना सूचनात्मक स्वसंवाद म्हणतात. येथे स्वतःला ‘तू’ म्हणून संबोधण्यालाही अर्थ आहे: जेम्स हार्डी आणि सहकाऱ्यांच्या 2019 मधील अभ्यासात 10 किलोमीटर सायकल चालवताना ‘मी’ऐवजी ‘तू’ वापरणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली, जरी श्रमजाणीव दोन्ही वेळी जवळपास सारखीच होती. उभ्या चढावर ‘चल रे, चल’ असे स्वतःलाच म्हणणारा माणूस नकळत हेच करत असतो.

इतरांचे बोलणेही या संवादात मिसळते. उतरून येणाऱ्याला ‘अजून किती राहिलंय?’ असे विचारले की ‘हे काय, आलंच!’ हे उत्तर हमखास मिळते. त्यामागची भावना चांगली असली, तरी पुढच्या दोन वळणांनंतरही गडाचा पुणे दरवाजा दिसला नाही की झालेला अपेक्षाभंग नवख्याच्या मनातल्या त्या निकालाला नवा पुरावा पुरवतो. ‘निम्मं झालंय, पुढे थोडा उभा चढ आहे, सावकाश या’ हे खरे उत्तर अधिक बळ देते.

नकारात्मक वाटणारे प्रत्येक वाक्य मात्र परतवून लावायचे नसते. छातीत दाब किंवा दुखणे, ते दुखणे हातात वा जबड्यात उतरणे, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, सांध्यात अचानक उठलेली तीव्र कळ, ही लक्षणे दिसली की थांबणे आणि सोबतच्यांना सांगणे हेच शहाणपणाचे असते. ‘कंटाळा आला’, ‘लोक पुढे गेले’, ‘लाज वाटते’ ही वाक्ये मनाची असतात. ‘छाती आवळल्यासारखी वाटते’ हे वाक्य शरीराचे असते, आणि त्याच्यावर जिद्दीने मात करणे धोकादायक आहे.

हा स्वसंवाद मुळात येतो कोठून? लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाच्या मते मुलाचे आंतरिक बोलणे हे आधी इतरांशी झालेल्या बोलण्यातूनच घडते. हे लक्षात घेतले, तर मैदानावर मागे पडलेल्या मुलाला सर्वांसमक्ष ‘तुझ्याच्याने काय होणार?’ असे ऐकवणाऱ्या शिक्षकाची जबाबदारी केवळ त्या तासापुरती राहत नाही, कारण तेच वाक्य पुढे कित्येक वर्षांनी एखाद्या चढावर त्या मुलाच्या स्वतःच्या आवाजात उमटण्याची शक्यता असते. खेळाच्या शिक्षकांनी, व्यायामशाळेतील प्रशिक्षकांनी आणि पालकांनी मुलाच्या क्षमतेवर निकाल देणे थांबवावे आणि पुढचे पाऊल कसे टाकायचे, तेवढेच त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे.