ट्रॅक्टरचा आवाज कोठून येतो व तो कमी कसा करावा



गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांची रात्रंदिवस ये-जा सुरू होते. हंगाम म्हटला की आवाज आलाच, असे म्हणून आपण गप्प बसतो. पण मागील हंगामात आमच्या डोळ्यांदेखत एक प्रसंग घडला, आणि हा विषय असा सोडून देण्यासारखा नाही हे आम्हांस पटले.

एका फडात भरलेली ट्रॉली जोडायची होती. हुकात पिन घालण्यासाठी टोळीतला एक गडी ट्रॅक्टर व ट्रॉलीच्या मध्ये उभा होता. चालक ट्रॅक्टर मागे घेत होता. ‘थांब, थांब’ म्हणून चौघे ओरडत होते, पण चालकाला काहीच ऐकू गेले नाही. गडी चपळ, म्हणून उडी मारून वाचला. चालक निष्काळजी म्हणावा तर तसाही माणूस नव्हे. ट्रॅक्टरचा सायलेन्सर काढून सरळ नळी बसवलेली होती आणि वर टेप मोठ्याने चालू होता. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, इंजिनच्या आवाजात गाणं ऐकू येत नाही, म्हणून टेप वाढवतो. आणि खरं सांगायचं तर घरी पोरगी हाक मारते, ती बी हल्ली ऐकू येत नाही.”

हे शेवटचे वाक्य आमच्या मनात राहिले. म्हणून हा लेख.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. याचा हिशेब वजनमापासारखा सरळ नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज ८ तास, ही कानासाठी मर्यादा धरतात. आवाज ८८ झाला की ४ तास, ९१ ला २ तास आणि ९४ ला फक्त १ तास. केबिन नसलेला ट्रॅक्टर ओढीला लागला की चालकाच्या कानाशी आवाज ९० च्या वर सहज जातो. सायलेन्सर नसेल तर विचारूच नका. आणि आपला चालक हंगामात दहा-दहा, बारा-बारा तास सीटवर असतो.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी पोकळी असते व तिच्यात केसांसारखे टोक असलेल्या बारीक पेशी असतात. बांधावरच्या गवतावरून एकदा बैल गेला तर गवत दबते आणि सकाळपर्यंत पुन्हा उभे राहते. रोज तुडवले तर तेथे पायवाट पडते. कानाचेही तसेच आहे. संध्याकाळी कान गच्च वाटणे, त्यात शिट्टी वाजल्यासारखे होणे ही पेशी दबल्याची खूण समजावी. रोज असे झाले तर त्या मरतात. उसाचा खोडवा फुटतो, कानाच्या या पेशी पुन्हा फुटत नाहीत. त्यावर थेंब नाहीत की गोळी नाही. आधी जातात ते बारीक, उंच सूर. म्हणूनच लेकराची हाक ऐकू येईनाशी होते आणि गड्याचा भारी आवाज मात्र ऐकू येतो, त्यामुळे माणसाला वाटते आपले कान ठीक आहेत.

आता आवाज येतो कोठून ते पाहू. मुख्य वाटा चार. पहिली धुराची नळी, दुसरी हवा आत ओढण्याची वाट, तिसरी खुद्द इंजिनचा ठोका व पंख्याचा घोंगाट, चौथी म्हणजे ढिला पत्रा. तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरते तेव्हा सेकंदाला ५० वेळा दाबाखालचा गरम धूर नळीत सुटतो. त्या प्रत्येक धक्क्याचा एक आवाज. सायलेन्सरचे काम हौदासारखे आहे. मोटारीचे पाणी हिसक्या-हिसक्याने हौदात पडते, पण हौदातून पाटाला एकसारखे जाते. तसेच धुराचे धक्के सायलेन्सरच्या रुंद डब्यात पसरतात, आतल्या पडद्यांवर आणि भोकांच्या नळीत अडून मोडतात, आणि बाहेर पडताना त्यांचा जोर गेलेला असतो.

सायलेन्सर काढला की ट्रॅक्टर जादा ओढतो, असा समज आपल्याकडे पक्का आहे. कंपनीने इंजिन सायलेन्सर धरूनच बसवलेले असते. तो काढून जादा ट्रॉली ओढली जात नाही, जादा होतो तो आवाज. शिवाय उघड्या नळीतून ठिणगी वाळलेल्या पाचटावर पडण्याची भीती वेगळीच. उलट, आवाज कमी व्हावा म्हणून नळीचे तोंड बारीक करणेही चूक. धूर आत तुंबतो, इंजिन तापते, धूर काळा होतो आणि डिझेल वाढते.

मुख्य गोष्ट अशी की सर्वांत मोठा आवाज आधी धरावा. एका वाटेने १०० डेसिबल व दुसरीने ९० डेसिबल येत असतील, तर दोन्ही मिळून १०० हून किंचितच जास्त होतात. मग ९० वाली वाट पूर्ण बंद केली तरी कानाला फरक कळणार नाही. बॉनेटला गोणपाट बांधून उपयोग होत नाही तो यामुळेच.

वरच्या ट्रॅक्टरवर फिटरला घेऊन आम्ही हाच क्रम लावला. आधी मूळ मापाचा सायलेन्सर बसवला. आवाज उतरला, पण ‘फट-फट’ राहिली. मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीची रेघ दिसली. गॅस्केट जळले होते. ते बदलून नट एकसारखे आवळले, फट-फट गेली. मग मडगार्डचा खडखडाट ऐकू येऊ लागला. तोवर तो कुणाच्या ध्यानातही आला नव्हता! रबरी वायसर घालून तोही बसवला.

सभासदांनी हाच क्रम ठेवावा. इंजिन थंड असताना सायलेन्सरला गंजून भोक पडले आहे का, सांध्यावर काजळी आहे का ते पाहावे. एअर क्लीनरची रबरी नळी फाटली असेल तर ‘सूं’ असा आवाज येतो आणि धूळही आत जाऊन लायनर खाते. टॅपेट पुस्तकातल्या मापाने लावावेत, ठोका वाढला असेल तर नोझल तपासून घ्यावा. रिकामी ट्रॉली नेताना वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर चालवावे, आवाज व डिझेल दोन्ही वाचतात. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत इंजिन बंद ठेवावे. कानात नुसता कापूस घालून फारसे भागत नाही. फोमचे बोळे किंवा कानावरचे झाकण घ्यावे. आणि टेप इंजिनवर मात करण्यासाठी लावू नये. दोन्ही आवाज कानात एकत्रच जातात.

विहिरीवर किंवा नदीकाठी डिझेल इंजिन असेल तर धुराचे तोंड वस्तीच्या उलट दिशेला करावे, पायाचे बोल्ट आवळून ठेवावेत. आवाज दाबण्यासाठी इंजिन बंद खोलीत मात्र कोंडू नये. धुरातला विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि माणूस बसल्या जागी जातो.

कायदाही ध्यानात असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे शेतीच्या ट्रॅक्टरसह प्रत्येक मोटार वाहनास सायलेन्सर हवाच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रस्त्याकडेच्या घरांत बाळंतीण असते, परीक्षेची पोरे असतात, हे नियम नसता तरी आपणांस कळते.

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी आपण ट्रॉलीचे टायर, हुक, दिवे पाहतो. त्याच दिवशी अर्धा तास सायलेन्सरला द्यावा. ट्रॅक्टर आपला असला तरी सीटवर कान कुणाचे आहेत याचा विचार मालकाने करावा, आणि मागून कोणी ‘थांब’ म्हटले तर ते आपल्याला ऐकू येते ना, याची खात्री चालकाने करावी, एवढीच विनंती.