अंगाने भरल्या, की औषधाने सुजल्या?

आपल्याकडे एखादी बाई जरा अंगाने भरली की चार बायका कौतुकाने म्हणतात, ‘तब्येत सुधारली हो!’ ज्या घरांनी 1972 चा दुष्काळ काढला, त्यांना वाढलेले वजन म्हणजे बरे दिवस आल्याची खूण वाटावी, यात नवल नाही. परंतु ते वजन अन्नाने वाढले की औषधाने, हे आपण विचारीत नाही.

कंधारला आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींचेच पाहा. सारा जन्म मजुरीत गेला, गुडघे धरले. पंचक्रोशीतील एका दवाखान्यातून त्या कागदाच्या पुड्या आणू लागल्या. एका पुडीत तीन-चार सुट्या गोळ्या. नाव ना गाव. दोन दिवसांत दुखणे थांबले. ‘आता चालता येऊलालंय, बाबा,’ म्हणून त्या आम्हालाच तो दवाखाना सुचवीत. पाच-सहा महिन्यांत चेहरा गोल झाला, पोट सुटले, मानेमागे मांसाचा उंचवटा आला. हातपाय मात्र काटकुळेच. खोटे कशाला सांगा, ‘मावशी, तब्येत छान झाली’ असे आम्हीही म्हणालो होतो.

पुढे पायाची जखम भरेना, तेव्हा त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. रक्तात साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी चेहऱ्याकडे पाहूनच विचारले, ‘कसल्या गोळ्या घेता?’ आम्ही उरलेल्या दोन पुड्या पुढे केल्या. नुसत्या गोळीवरून ते नाव कसे सांगणार? पण लक्षणे स्टेरॉइडची आहेत, असे ते म्हणाले.

स्टेरॉइड हे काही विष नव्हे. 1948 साली अमेरिकेत सांधेदुखीच्या रुग्णांना कॉर्टिझोन प्रथम दिले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली. त्या कामाला 1950 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दमा, अंगावरची गंभीर सूज, कित्येक आजारांत आजही त्याच्यावाचून चालत नाही. 2020 मध्ये करोनाच्या ऑक्सिजनवरील रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने वाचविले. मात्र 2021 मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीने अनेकांचे डोळे, जबडे गेले, त्यामागे मधुमेह आणि बेहिशेबी स्टेरॉइड ही मोठी कारणे होती.

हे औषध दीर्घकाळ पोटात गेले की भूक वाढते, अंगात मीठ-पाणी साठते, चरबी चेहऱ्यावर, पोटावर आणि मानेमागे जमते. साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. आणि मात्रा लहान दिसते म्हणून फसू नये. डेक्सामेथासोनचे पाऊण मिलिग्रॅम हे प्रेडनिसोलोनच्या पाच मिलिग्रॅमइतके काम करते.

याहून वाईट प्रकार म्हणजे लग्नाला आलेल्या किडकिडीत मुलींना ‘जाड होण्याच्या’ गोळ्या देणे. त्यात अनेकदा सायप्रोहेप्टाडिन असते. ते मूळचे ॲलर्जीचे औषध. त्याने झोप आणि भूक वाढते. कोणी त्याच्या जोडीला डेक्सामेथासोनही देतात. गोळ्या थांबल्या की आलेले अंग पुष्कळदा उतरते. पाहण्याच्या कार्यक्रमापुरते गाल भरावेत म्हणून पोरीच्या हाडांशी खेळायचे, याला काय म्हणावे? डेक्सामेथासोन चिठ्ठीवाचून विकता येत नाही. तरी ते मिळते, हे आपण सारे जाणतो.

डॉक्टरांच्या रीतसर चिठ्ठीतील काही औषधांनीही वजन वाढते. इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्या, फिटसाठीचे व्हॅल्प्रोएट, मनाच्या आजारावरील ओलान्झापिन, तसेच सरकारी दवाखान्यात दर तीन महिन्यांनी मोफत मिळणारे ‘अंतरा’ इंजेक्शन, यांनी काहींचे वजन वाढते, सर्वांचे नव्हे. साखरेच्या मेटफॉर्मिनने ते बहुधा वाढत नाही. (रात्री दहाला पोटभर जेवून लगेच झोपणाऱ्याने दोष गोळीवर ढकलू नये, हेही खरे.)

म्हणून गोळी एकाएकी बंद करू नये. आमच्या ओळखीच्या एका मुलीने घरच्यांच्या ‘किती फुगलीस’ या टोमण्यांना कंटाळून फिटच्या गोळ्या सोडल्या. स्वयंपाक करताना फिट आली आणि हात भाजला. डॉक्टरांना आधी सांगितले असते तर त्यांनी औषध बदलून दिले असते, नंतर दिलेच. स्टेरॉइडचे तर आणखी वेगळे. बाहेरून मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचे काम सोडून देतात. अचानक थांबविल्यास रक्तदाब उतरून जीवावर बेतू शकते. मात्रा हळूहळूच उतरवावी लागते.

औषध सुरू करताना वजन करून तारखेसह लिहून ठेवावे. गोळ्यांची पाकिटे फेकू नयेत. रेशन दुकानात पावती मागायला आपण शिकलो. पुडीतल्या गोळीचे नाव मागायला मात्र जीभ रेटत नाही. डॉक्टर रागावतील, पुन्हा घेणार नाहीत, असे वाटते. आम्ही कारकुनी करतो, रोज दहा कागद मागतो, तरी त्या दवाखान्यात मावशींसोबत एकदा गेलो तेव्हा आमचेही तोंड उघडले नव्हते.

मावशींच्या गोळ्या तीन-चार महिन्यांत टप्प्याटप्प्याने सुटल्या. गुडघे पुन्हा दुखतात. पण जखम भरली, साखर आटोक्यात आहे, चेहरा पहिल्यासारखा झाला. गेल्या पौर्णिमेला विहारात एक बाई त्यांना म्हणाल्या, ‘मावशी, तब्येत उतरली की हो!’

मावशींनी आमच्याकडे पाहिले आणि हसल्या.